बोडसांचे पिठे

दुबईत राहून ज्याच्याकडे साडू मुक्कामाला येत नाही, तो माणूस सुखी म्हणायचा. सतीश बोडस तेवढे सुखी नव्हते. त्यांचे साडू, म्हणजे पत्नी हेमाच्या थोरल्या बहिणीचे, कुंदाचे यजमान, प्रा. डॉ. माधवराव आगटे पुण्यात इतिहास शिकवत. नव्व्याण्णव साली ते शॉपिंग फेस्टिव्हलला आले आणि बोडसांच्या अल मनखूलच्या दोन खोल्यांत अठरा दिवस राहिले. अठरा दिवस बोडसांच्या एसीत झोपून, बोडसांचे पिस्ते सोलून, बोडसांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून त्यांनी एकच सिद्धान्त मांडला, की आखातातल्या मराठी माणसाकडे सगळं आहे, फक्त डोकं वापरायची सवय तेवढी गेली.

विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलता ते म्हणाले, "तुमचं बरंय सतीशराव. वाचन नाही, लेखन नाही, डोक्याला ताप नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येतोच."

आता खरं सांगायचं तर माधवरावांच्या संशोधनाचाही फार गवगवा करण्यासारखं काही नव्हतं. एका पेशवेकालीन आडाच्या खोलीवर त्यांनी अकरा लेख लिहिले होते, आणि आड अजून तेवढाच खोल होता. पण नावामागे डॉक्टर लागलं की माणसाला आडाची खोली विचारायची पद्धत नाही. बोडस एका काँट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर शिक्के मारून ते तिसऱ्यांकडे पाठवत. हे काम विद्वत्तेच्या फार जवळचं आहे अशी त्यांची मनापासून समजूत होती. साडूचं बोलणं त्यांना लागलं. पुढच्या मार्चपर्यंत आपण संशोधक व्हायचं, आणि माधवरावांना पहिल्या रांगेत बसवून व्याख्यान ऐकवायचं, असं त्यांनी विमानतळाच्या पार्किंगमध्येच ठरवलं. विषय तेवढा राहिला होता.

विषय सापडला तो अगदी भलत्या जागी. ऑफिसातल्या एका साहेबाचा निरोप समारंभ बर दुबईच्या एका हॉटेलातल्या इंग्लिश व्हिलेज पबमध्ये ठेवला होता. बोडसांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता, आणि ही माहिती ते न विचारता सगळ्यांना देत. हातात लिंबू-सोडा धरून ते भिंती न्याहाळत बसले. काळ्या लाकडी तुळया, घोड्याचे नाल, पितळी कंदील, आणि दारापाशी सोनेरी चौकटीत पबचा इतिहास: स्थापना सतराशे दोन. पुढे एक दरोडेखोर, एक पाद्री आणि एक गोरी भुतीण.

"सतराशे दोन!" बोडस बारमागच्या माणसाला म्हणाले. "हॉटेल तर शहाऐंशी सालचं आहे."

"चौकट त्याच्याही नंतरची, साहेब," तो चक्क मराठीत म्हणाला. "रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये बनली. मीच पिकअपमधून आणली. भुतीण मॅनेजरने नंतर वाढवून घेतली."

हा कॅस्मिर तुस्कानो, वसईचा. पबचा सुपरवायझर. बोडस मराठी आहेत म्हटल्यावर त्याने सोड्यात एक लिंबू जास्त पिळलं आणि म्हणाला, "साहेब, ह्या खोट्या गावाचा इतिहास सोन्याच्या चौकटीत. आणि माझ्या आज्याचा खराखुरा पिठा होता गावात, तीस वर्षं चालला, त्याच्यावर कोणी एक ओळ लिहिली नाय."

पिठा म्हणजे दारूचं दुकान. बोडसांच्या अंगावर काटा आला. इंग्रज आपल्या गावच्या दारूच्या दुकानांचा इतिहास भिंतीवर टांगतो आणि आपण आपल्या गुत्त्यांपुढून नाकाला रुमाल लावून जातो! हाच विषय. हाच तो न खणलेला आड. गुत्ता हा शब्द मात्र त्यांना जरा वाह्यात वाटला. पिठा बरा. त्याला विद्यापीठाचा वास येतो. घरी पोचेपर्यंत त्यांनी शीर्षकही ठरवलं: 'उत्तर कोकणातील गावपिठे : उगम, विकास आणि ऱ्हास'. ऱ्हास असल्याशिवाय आपल्याकडे इतिहास पुरा होत नाही.

मग दर गुरुवारी संध्याकाळी बोडस वही घेऊन पबमध्ये जाऊ लागले. लिंबू-सोडा पंचवीस दिरहमला होता. "पंचवीस दिरहम म्हणजे तीनशे रुपये!" हेमा म्हणाली. "तीनशे रुपयांत गावाकडे लिंबाचं झाड येतं." ती दर गुरुवारी दारातच त्यांचा वास घ्यायची. दारूचा यायचा नाही, पण दुसऱ्यांच्या सिगारेटींचा इतका यायचा, की शर्ट बाल्कनीत टांगल्याशिवाय त्यांना आत प्रवेश नव्हता. मुलगी रिद्धी अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणायची, "डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग." बिल्डिंगमध्ये तर तिसऱ्या आठवड्यातच बातमी पोचली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हेमाला एका गुरूंचा फोन नंबर दिला. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये बोडसांचा खांदा दाबून सांगितलं, की सोडायचीच असेल तर एकदम सोडू नका, हळूहळू सोडा. बोडसांनी त्यांना आपण संशोधन करतो आहोत असं सांगितलं. काका म्हणाले, "सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात."

अपमानाची सवय झाली की त्याचा त्याग होतो. बोडस आपल्याला त्यागी समजू लागले, आणि वही भरत गेली. कॅस्मिर ग्लास पुसत सांगायचा आणि बोडस लिहून घ्यायचे. आजा इनास तुस्कानो संध्याकाळी ओसरीवर कंदील लावून बसायचा. केळ्याची, जांभळाची, गुळाची. बरोबर उकडलेलं अंडं नाहीतर भाजलेला बोंबील. मोजायला पितळेचं नवटाकाचं माप. गावातली भांडणं तिथेच पेटायची आणि तिथेच मिटायची, लग्नं जमायची, होड्यांचे सौदे व्हायचे. पन्नास साली दारूबंदी आली आणि धंदा चोरीचा झाला.

"पोलीस आले की आजा काय करायचा, साहेब? आजीला दारात जातं मांडून बसवायचा. फौजदार विचारायचा, 'इनास, पिठा कुठाय?' आजा हात जोडायचा. 'पिठा कुठला साहेब? पीठ! पीठ दळतोय!' आजी घरघर दळतेय, मागच्या दाराने पिंपं जातायत. सात वेळा धाड पडली. सातही वेळा सुटला."

हे सांगताना कॅस्मिर हसायचा, पण एकदा मात्र हसता हसता थांबला. "साहेब, तुम्ही भाषणात आज्याचं नाव घ्याल ना? नुसतं वसईचा एक माणूस असं नको. इनास तुस्कानो. त्याचं नाव कुठेच नाय लिहिलेलं. कबरीवरचं पण पावसाने गेलं."

बोडसांनी वहीवर हात ठेवून शब्द दिला. त्या क्षणी त्यांना साडूची आठवणही नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. पुढे फारसं काही नोंदवण्यासारखं नाही.

मार्च आला. माधवरावांचं तिकीट आलं. मराठी मंडळाने हॉल दिला, पण सेक्रेटरी म्हणाले की व्याख्यानाला परवानगी लागते, आणि अर्जावर विषय अरबीत लिहून द्यावा लागतो. अरबी अर्ज लिहून देणारी टायपिंग सेंटरं दुबईत गल्लोगल्ली. बोडस आपल्या गल्लीतल्या सेंटरमध्ये गेले. तिथला खैरुद्दीन औरंगाबादचा, पाच वेळचा नमाजी, सुरम्याच्या डोळ्यांचा. मागे रांगेत दहा-बारा माणसं, दोन बुरख्यातल्या बायका.

खैरुद्दीनने कागद वाचला आणि भर दुकानात खणखणीत आवाजात विचारलं, "साब, ये गावपिठे बोले तो? पिठा क्या होता?"

सगळे बोडसांकडे पाहू लागले. एका शब्दात काम होतं. दारूचं दुकान. नऊ महिने ज्या विषयासाठी माणसाने बिल्डिंगभर नाव घालवलं, तो विषय मोठ्याने म्हणायचा फक्त. पण बोडसांच्या डोळ्यांपुढे व्हिसा आला, सुरमा आला, बुरख्यातल्या बायका आल्या, आणि पांढरपेशाची जीभ ऐन वेळी जिथे जाते तिथे, म्हणजे घशात गेली.

"वोही..." ते पुटपुटले. "पीठ. आटा."

"आटा! तो ऐसा बोलो ना साब," म्हणत खैरुद्दीनने टायपिंग केलं. तहीन. कोकणच्या खेड्यांतील पिठाचा इतिहास.

बोडसांना वाटलं, कागदावर काय असायचं ते असो. अरबीतला अर्ज मराठी व्याख्यानाला थोडाच ऐकू येतो? पण परवानगीच्या कचेरीतल्या टेबलामागे बसलेले अरब साहेब वयस्क निघाले आणि हौशी निघाले. अर्ज वाचून ते चष्मा काढून बोडसांकडे बघतच राहिले. "तहीन?" ते हिंदीत म्हणाले. "हमारा मां भी हाथ से पीसता था. सब लोग बिझनेस का परमिशन मांगता. तुम आटा का मांगता. जेन, बहोत जेन!" जेन म्हणजे उत्तम. त्यांनी शिक्का मारला आणि वर म्हणाले, "हम खुद सुनने आएगा, इन्शाल्ला."

दुबईत सोळा वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचा अर्थ कळतो. एसीवाला येतो इन्शाल्ला, पगारवाढ होते इन्शाल्ला, घरमालक रंग देतो इन्शाल्ला. बोडस निर्धास्त घरी आले. सोळा वर्षांत खरं ठरलेलं हे पहिलंच इन्शाल्ला.

व्याख्यानाच्या शुक्रवारी हॉल बऱ्यापैकी भरला. 'गावपिठे' असं छापील पत्रक वाचून बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या. दोघींनी तर भाजणीचे नमुने पिशव्यांत आणले होते, हे पाहून बोडसांना पहिला घाम फुटला. पहिल्या रांगेत माधवराव पेन उघडून बसले होते, आडाच्या काठावर बसावं तसे. मागच्या रांगेत कॅस्मिर लग्नातला सूट घालून आला होता, सोबत बायको डेझी. त्याने पुढे येऊन मखमली रुमालातून पितळेचं नवटाकाचं माप काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आज्याचं. वसईवरून मागवलं. भावाला म्हटलं, बोडससाहेब नाव घेणार आहेत."

आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. पांढऱ्या शुभ्र कंदुऱ्यात, त्या अरबी पायघोळ झग्यात, ते अरब साहेब आत आले, आणि त्यांच्या बाजूला, शब्द न् शब्द हिंदीत सांगायला अर्जावरच्या सेंटरच्या नावावरून बोलावलेला, खैरुद्दीन.

बोडसांनी हातातल्या बत्तीस पानांकडे पाहिलं. पानोपानी दारू होती. परवानगीच्या कागदावर पीठ होतं. कागद देणारा पहिल्या रांगेत येऊन माधवरावांशेजारी बसला. शहाणा माणूस इथे घेरी येऊन पडला असता. पण साडू समोर असताना पडायचं कसं? बोडसांनी डोळे मिटले, उघडले आणि वाचायला सुरुवात केली. जिथे दारू येईल तिथे पीठ, एवढंच करायचं, असं त्यांनी ठरवलं.

"उत्तर कोकणात," ते म्हणाले, "दिवसभराच्या कष्टानंतर गावातले पुरुष संध्याकाळी एकत्र जमत आणि थोडं थोडं... पीठ घेत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"पीठ पोटात गेलं की माणसं मोकळी होत. गात. क्वचित रडत. ज्यांना जास्त होई, त्यांना घरी उचलून न्यावं लागे." खैरुद्दीन साहेबांच्या कानात सांगत होता आणि साहेब गंभीरपणे मान हलवत होते. "पिठापायी कित्येक संसार उद्ध्वस्त झाले. बायका पदर पसरून नवऱ्यांना विनवत, की पीठ सोडा. पण एकदा चटक लागली की पीठ सुटत नाही."

"अगंबाई!" भाजणीवाल्या बाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांनी मांडीवरून खुर्चीखाली ठेवली.

"एकोणीसशे पन्नास साली सरकारने पिठावर बंदी घातली." इथे माधवरावांचं पेन एकदम चालायला लागलं. "गावोगावी धाडी पडू लागल्या. लोक विहिरीत, गवताच्या उडव्यात पीठ लपवू लागले. एकदा तर शवपेटीत घालून, मागे रडायला माणसं लावून, पीठ गावाबाहेर नेण्यात आलं."

माधवराव उठले. बोडस ज्याची वर्षभर वाट पाहत होते तो क्षण आला होता, फक्त त्यांना आता तो नको होता.

"एक शंका," माधवराव म्हणाले. "टेबलावर हे माप आहे ते नवटाकाचं दिसतं. नवटाक हे तर माझ्या माहितीप्रमाणे दारूचं माप. त्याचा पिठाशी काय संबंध?"

खैरुद्दीनने दारू हा शब्द ऐकला आणि त्याचे सुरम्याचे डोळे मोठे झाले. साहेबांनी 'काय म्हणतो?' म्हणून त्याच्याकडे मान वळवली. बोडसांचं तोंड उघडं राहिलं. त्यातून ना दारू निघेना ना पीठ.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कॅस्मिर उभा होता. सूटचं बटण लावून त्याने हात जोडले, आणि तो काय बोलणार हे बोडसांना तो बोलायच्या आधी अर्धा क्षण कळलं.

"साहेब," तो माधवरावांना म्हणाला, "ते माप माझ्या आज्याचं आहे. इनास तुस्कानो, वसई. पिठा कुठला साहेब? पीठ! पीठ मोजायचा."

चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. आठव्यांदा धाड पडली होती आणि आठव्यांदा इनास तुस्कानो सुटला. माधवराव "अच्छा, अच्छा" म्हणत खाली बसले आणि लिहू लागले. तेवढ्यात अरब साहेब उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते. "हमारा भी ऐसा दिन था," ते म्हणाले. "तेल नहीं था, आटा नहीं था. नाव से आता था, हिंदुस्तान से. तुम लोग आटा के लिए पुलिस का मार खाया..." त्यांनी येऊन कॅस्मिरला मिठी मारली आणि अरबी रीतीने कॅस्मिरच्या नाकाला नाक लावलं. बायका टाळ्या वाजवत रडू लागल्या. हेमासुद्धा रडली, आणि तिला तर सगळं ठाऊक होतं.

बोडसांना त्या टाळ्यांत जेवढी लाज वाटली तेवढी पबच्या नऊ महिन्यांत वाटली नव्हती. नाव घ्यायचा शब्द त्यांनी दिला होता, आणि नाव घेतलं ते कॅस्मिरने. त्याच्यापाशी जाऊन ते म्हणाले, "कॅस्मिर, मी भ्यालो रे."

"खलास, साहेब, झालं ते झालं," कॅस्मिर म्हणाला. "आजा पण भ्यायचा. म्हणून तर दळायचा."

सत्य माधवरावांना सांगावं असं बोडसांच्या मनात दोनदा आलं. एकदा विमानतळावर आलं, पण तिथे माधवरावांनी जन्मात प्रथमच त्यांचा हात हातात घेऊन "सतीशराव, चांगलं काम केलंत" म्हटलं. अशा वेळी खरं बोलायला माणूस फार मोठा लागतो किंवा फार कोडगा. बोडस दोन्ही नव्हते. दुसऱ्यांदा आलं तेव्हा उशीर झाला होता. दिवाळीच्या सुमारास पुण्याहून एक त्रैमासिक आलं. त्यात डॉ. माधवराव आगटे यांचा लेख होता, 'उत्तर कोकणातील पीठबंदी : एक उपेक्षित पर्व', चव्वेचाळीस पानांचा. आड मागे पडला होता. सोबतच्या पत्रात कुंदाने लिहिलं होतं, की ह्या लेखाला पुरस्कार मिळाला, आता ह्यांना पीठबंदीवर दिल्लीला बोलावलंय.

बोडसांचं नाव लेखात नव्हतं. ते तळटिपेत होतं, बारीक टायपात: 'मौखिक माहिती : श्री. इनास तुस्कानो, सुप्रसिद्ध पीठव्यापारी, वसई, यांचे नातू, तसेच श्री. स. बोडस, हौशी पीठ-अभ्यासक, दुबई.'

हौशी. बोडस तो शब्द दोन दिवस चघळत होते. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. अंक काखोटीला मारून ते पबमध्ये गेले आणि तळटीप कॅस्मिरसमोर ठेवली. तो चिडेल, आज्याला पीठव्यापारी केलं म्हणून निदान चार शब्द सुनावेल, अशी त्यांची तयारी होती. कॅस्मिरने ओळीवरून बोट फिरवत वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने अंक छातीशी धरला.

"छापलं साहेब," तो म्हणाला. "पुरं नाव छापलं."

पुढच्या गुरुवारी सतराशे दोनच्या शेजारी दुसरी सोनेरी चौकट लागलेली होती, रास अल खोरच्या त्याच वर्कशॉपची. आत माधवरावांच्या लेखाचं पान, तळटिपेखाली लाल रेघ. एका बाजूला गोरी भुतीण, दुसऱ्या बाजूला पीठबंदी. गोरी गिऱ्हाइकं दोन्हींपुढे सारख्याच आदराने उभी राहत होती.

बोडस आपल्या नेहमीच्या जागी बसले. कॅस्मिरने न विचारता लिंबू कापायला घेतलं. बोडसांनी हात वर करून त्याला थांबवलं. चौकटीतल्या आपल्या नावाकडे, नावापुढच्या त्या शब्दाकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं, वही मिटली आणि शर्टाची कॉलर सारखी केली.

"कॅस्मिर," ते म्हणाले, "लिंबू राहू दे. एक नवटाक पीठ दे."

कॅस्मिरने सुरी खाली ठेवली. मखमली रुमालातून पितळेचं माप काढलं, फुंकर मारून पुसलं आणि अदबीने विचारलं,

"भिजवून देऊ साहेब, का कोरडंच?"